बारा बॅकस्टॅब झाले, तरी मॅच का गेली?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका पोराचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "दादा, दीड वर्ष झालं, टीम फोर्ट्रेस २ मध्ये फक्त स्पाय खेळतोय. मॅचला दहा-बारा बॅकस्टॅब निघतात, कधी कधी स्कोअरबोर्डवर वरच्या तिघांत असतो, पण आमची टीम हरतेच. ग्रुपमधली पोरं म्हणतात, स्पाय सोड, मेडिक घे. माझं चुकतंय कुठं? आणि स्पायला सपोर्ट का म्हणतात? तो तर मारायलाच जातो ना?" सोबत त्यानं बॅडवॉटर या नकाशावरच्या एका मॅचचा डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, पाठवलाय. (नवख्यांसाठी: टीम फोर्ट्रेस २ हा दोन टीमचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम. त्यात प्रत्येकानं एक क्लास, म्हणजे भूमिका, घ्यायची. स्पाय शत्रूचं सोंग घेऊन मागून जातो, मेडिक आपल्या माणसांना बरं करतो. पाठीत चाकू मारून एका घावात घेतलेला जीव म्हणजे बॅकस्टॅब.)

भावा, डेमो मी दोनदा बघितला. पहिल्यांदा तुझा हात बघितला. हात चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसऱ्यांदा स्क्रीनकडं फारसं न बघता तुझ्या टीमचा माईक ऐकला, आणि तुझं उत्तर तिथं सापडलं.

तुमची कार्ट, म्हणजे ढकलत पुढं न्यायची बॉम्बगाडी, दुसऱ्या पॉईंटच्या अलीकडं अडकलीय. समोर लेव्हल ३ ची सेंट्री, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक, तिच्या मागं ती उभी करणारा इंजिनिअर वाकून बसलाय, बाजूला हेवी आणि त्याच्या पाठीला चिकटलेला मेडिक. तू क्लोक करून, म्हणजे अदृश्य होऊन, त्या सगळ्यांच्या मागं पोचलास. फार सुरेख पोचलास, कुणाला धक्का नाही, कुणाला संशय नाही. मेडिकच्या मागं चार पावलांवर तू उभा आहेस. त्याच वेळी तुमचा मेडिक माईकवर म्हणतो, "चार्ज ऐंशी, थांबा रे सगळे." (चार्ज म्हणजे मेडिक साठवतो ते काही सेकंदांचं अभेद्य कवच, शंभर टक्के भरलं की सोडायचं.) आणि तू काय केलंस? उजवीकडं वर एकटा स्नायपर दिसला म्हणून तिकडं गेलास. त्याला मारलंस. स्कोअर एकनं वाढला. तेवढ्यात तुमचा मेडिक आणि सोल्जर चार्ज घेऊन आत शिरले, समोरच्या मेडिकनंही आपला चार्ज सोडला, सेंट्रीनं दोघांना ढकलत मागं रेटलं आणि पुश, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली चाल, संपला. तू तेव्हा स्नायपरच्या जागेवर उभा राहून रिव्हॉल्व्हर भरत होतास.

त्या एका स्टॅबनं तुमच्या टीमला काय मिळालं? एक स्नायपर काही सेकंद गैरहजर. आणि गेलं काय? अख्खा चार्ज.

हा हिशेब नीट समजून घे, कारण बाकी सगळं यातूनच निघतं. कॅज्युअल मॅचमध्ये बारा विरुद्ध बारा असतात. तू शत्रूच्या मागं जायला निघालास की तेवढा वेळ तुझी टीम समोर अकरा जणांनी लढते. लांबून वळसा घालायचा, आडोसा शोधायचा, क्लोक भरायला थांबायचं, संधी बघायची, यात एक मिनिट कसं जातं कळत नाही. म्हणजे मिनिटभर टीम एका माणसानं कमी. ती उधारी फेडायची असेल तर तुझ्या चाकूतून एका माणसाच्या मरणापेक्षा जास्त काहीतरी निघायला पाहिजे. भटकणारा स्काऊट मारला तर तो परत जन्म घेतो आणि धावत येतो. तो तर गेममधला सगळ्यात वेगवान गडी. पण चार्ज भरलेला मेडिक ऐन पुशच्या आधी दोन सेकंद पडला, तर समोरच्या अख्ख्या टीमची ताकद गेली. चाकू तोच, कष्टही तेवढेच, फरक फक्त वेळेचा.

म्हणून मी शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी बॅकस्टॅब शिकवत नाही. स्पायनं शत्रूपेक्षा जास्त लक्ष आपल्या टीमवर ठेवायचं, हे शिकवतो. आपला मेडिक कुठं आहे, त्याचा चार्ज किती झालाय, आपले किती जण जिवंत आहेत, किती जण आत्ता मरून परत येताहेत. हे माहीत नसेल तर मागं पोचूनही उपयोग नाही.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत तूही मोठा झालायस, त्यामुळं हे तुला सांगायला सोपं आहे. बॉल डाव्या बाजूला असतो, गॅलरीतली सगळी डोकी डावीकडं, डिफेंडरचीही मान डावीकडं. गोल कोण करतं? उजवीकडून हळूच आत सरकलेला. तो लपलेला नसतो, भर मैदानात असतो, पण कुणी बघत नसतं. आणि तो बॉल यायच्या आधी दोन सेकंद निघतो. बॉल आल्यावर निघाला तर उशीर, फार आधी जाऊन उभा राहिला तर ऑफसाइड. स्पायचं काम नेमकं हेच आहे. तुझी टीम म्हणजे तो बॉल. तिनं समोरच्यांची मान एका बाजूला वळवली की तुझी वेळ.

आता याला आकडे लावू, कारण "टायमिंग साध" असं नुसतं म्हणून कुणाला काही कळत नाही. मेडिक जखमी माणसाला बरं करत असेल तर त्याचा चार्ज साधारण ४० सेकंदांत भरतो. म्हणजे ८० वरून १०० ला जायला ८ सेकंद. आणि तुझ्या साध्या घड्याळाचा क्लोक (स्पाय अदृश्य होतो तो घड्याळानंच) पूर्ण भरलेला असला तर ९-१० सेकंद टिकतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. तुमचा मेडिक "ऐंशी" म्हणाला की तू जवळच्या आडोशाला तयार असायला पाहिजेस, आणि त्याच क्षणी क्लोक मारून शेवटचा टप्पा पार करायचा. क्लोकमधून बाहेर येऊन चाकू चालवायच्या स्थितीत यायला जवळजवळ २ सेकंद लागतात, आणि त्याचा आवाजही होतो. ते दोन सेकंद भिंतीमागं किंवा खोक्यामागं, लढाईच्या आवाजात घालवायचे. म्हणजे तुमचा चार्ज सुटतो तेव्हा तू मेडिकच्या पाठीशी उभा असतोस, दिसणारा, सोंग घेतलेला, हातात चाकू. चार्ज ८ सेकंद टिकतो. त्या आठ सेकंदांत शत्रूला मागं बघायला सवडच नसते. तुझं खरं दुकान तेवढ्याच वेळात उघडं असतं.

मी हे शिकलो ते मार खाऊन शिकलो. २००९ च्या सुमारास राजारामपुरीत एका कॅफेत आम्ही लॅनवर खेळायचो, सहा विरुद्ध सहा, बहुतेक वेळा टूफोर्ट या नकाशावर. दोन किल्ले समोरासमोर, मध्ये पाणी आणि पूल, खाली गटारातून आत जायची वाट. मी त्या गटारातून जाऊन तळघरातल्या इंजिनिअरला मारायचो, सेंट्रीला सॅपर, म्हणजे ती बंद पाडणारं यंत्र, लावायचो आणि बाहेर येऊन मोठ्यानं ओरडायचो, "सेंट्री उडवली रे!" तोपर्यंत आमची पोरं पुलावर मरून पडलेली असायची. ती परत येऊन आत पोचेपर्यंत इंजिनिअर नवी सेंट्री उभी करून मोकळा. एका संध्याकाळी हे चार वेळा झालं. चारही वेळा सेंट्री गेली, आणि शत्रूची ब्रीफकेस, जी पळवून आपल्या घरी आणायची असते, एकदाही बाहेर आली नाही. शेजारच्या मशीनवरचा आमचा सोल्जर, मुरलेला खेळाडू होता, त्यानं हेडफोन काढून शांतपणे विचारलं, "तू जायच्या आधी का सांगत नाहीस?" मी त्या दिवसापर्यंत झाल्यावरच सांगत होतो. पुढच्या फेरीला गटाराच्या तोंडाशी थांबलो, आमची पोरं पूल ओलांडेपर्यंत हललो नाही, "आता" म्हणालो आणि गेलो. ब्रीफकेस दीड मिनिटात घरी. त्या फेरीत माझे बॅकस्टॅब दोन.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गेममध्ये नऊ क्लास आहेत, तीन-तीनाचे तीन गट. स्पाय बसतो मेडिक आणि स्नायपरच्या गटात, म्हणजे सपोर्टमध्ये. वाल्व कंपनीनं २००७ मध्ये गेम काढला तेव्हापासून ती मांडणी तशीच आहे, आणि मला ती पटते. दुसऱ्याच्या कामाची वाट मोकळी करतो तो सपोर्ट. मेडिक जखमा भरून करतो, स्नायपर लांबून एक मोहरा काढून करतो, स्पाय मागून करतो. स्पर्धेतल्या सहा विरुद्ध सहाच्या मॅचेसमध्ये स्पाय पूर्ण वेळ कुणी ठेवत नाही. दोन्ही टीम अडकून पडल्या की एखादा गडी तेवढ्यापुरता स्पाय होतो, समोरच्या मेडिकवर एक प्रयत्न करतो, आणि जमलं किंवा फसलं तरी परत आपल्या क्लासवर जातो. जाणकार लोक या क्लासला एका क्षणासाठी बोलावतात. हायलँडरमध्ये, म्हणजे नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येक क्लास एकेक, तिथं स्पाय कायम असतो. पण तिथंही त्याची किंमत चाकूइतकीच त्याच्या कॉलवर, म्हणजे माईकवरून टीमला दिलेल्या खबरीवर, ठरते. कॉलबद्दल पुढं बोलतो.

कुणाला मारायचं? मेडिक पहिला. त्याच्याकडं चार्ज भरलेला असेल तर तू मेलास तरी चालेल. हा एकच सौदा असा आहे की जिथं मी पोरांना सांगतो, पळायची वाट बघू नका, मारा आणि मरा. १२५ हेल्थचा एक स्पाय देऊन ८ सेकंदांचं अभेद्य कवच काढून घेतलं, याहून स्वस्त काय? चार्ज भरलाय हे ओळखायलाही सोपं असतं, त्याच्या मेडिगनच्या तोंडाशी ठिणग्या उडत असतात. त्याच्यापुढचा हेवी मोहात पाडतो, मोठी पाठ असते, पण आधी हेवीला मारलंस तर मेडिक वळून पळणार आणि चार्ज घेऊन परत येणार. आधी मेडिक, मग जमला तर हेवी. मेडिक पडताना किंचाळतो, हेवी वळतो. वळायला त्याला वेळ लागतो, आणि तो कुठल्या बाजूनं वळतोय हे बघून तू दुसऱ्या बाजूनं जायचं. यात घाई केलीस की समोरासमोर येशील.

इंजिनिअर आणि सेंट्रीचं प्रकरण जरा सविस्तर घेऊ, कारण तुझ्या डेमोत तू तीन वेळा सॅपर लावलास आणि तिन्ही वेळा तो दोन फटक्यांत काढला गेला. सॅपर लावल्यावर सेंट्री लगेच बंद पडते, पण मरायला तिला वेळ लागतो. इंजिनिअर शेजारीच असेल तर पानानं दोन फटके, सॅपर खाली. मग सॅपरचा उपयोग काय? ती सेंट्री जेवढे सेकंद बंद राहते तेवढाच उपयोग. तेवढ्या सेकंदांत तुझी टीम आत आली तर तो सॅपर सोन्याचा. नाही आली तर तू फक्त इंजिनिअरला "इथं स्पाय आहे" असं सांगून आलास. पुश चालू असताना सॅपर लावलास तर इंजिनिअरपुढं पेच पडतो: समोरून येणाऱ्याकडं बघू की सॅपर काढू? तो सॅपर काढायला वळला की तुझा डेमोमॅन त्याला गाठतो. एकाच वेळी दोन कामं त्याच्या अंगावर टाकायची, एवढाच त्यातला डाव आहे.

एकट्यानंच करायचं असेल तर आधी इंजिनिअर, लगेच सॅपर. चाकू चालवला की सोंग उतरतं आणि सेंट्री तुझ्याकडं वळायला लागते, म्हणून उभं कुठं राहायचं ते आधी ठरव: इंजिनिअर आणि सेंट्री दोन्ही हाताच्या अंतरावर, आणि सेंट्रीचं तोंड पलीकडं. चाकू, सॅपर, दोन बटणं सलग. हे शंभर वेळा रिकाम्या सर्व्हरवर करून बघ, बोटांना पाठ व्हायला पाहिजे. आणि इंजिनिअर भिंतीला पाठ लावून बसला असेल तर रिव्हॉल्व्हर वापर की. सॅपर लावायचा, त्यानं सोंग उतरत नाही. सेंट्री बंद आहे तोवर त्याला गोळ्या घालायच्या. त्याची हेल्थ १२५, जवळून तीन गोळ्या नीट बसल्या की पडतो. नवीन स्पाय रिव्हॉल्व्हर विसरतात. डेमोभर तू पाच गोळ्या झाडल्यास. सहा गोळ्यांची चांगली बंदूक आहे, चाकू चालत नाही तिथं तीच चालवायची. पळणाऱ्या जखमी माणसाच्या मागं चाकू घेऊन धावणारा स्पाय बघितला की मला वाईट वाटतं.

इंजिनिअरच्या टेलिपोर्टरकडं, म्हणजे माणसांना एका टोकावरून दुसऱ्या टोकाला क्षणात पोचवणाऱ्या यंत्राकडं, कुणी लक्ष देत नाही, तू दे. एका टोकाला सॅपर लावला की दोन्ही टोकं बंद पडतात. लांबलचक नकाशांवर, डस्टबोलसारख्या, शत्रूची अर्धी फौज पायी यायला लागली की समोरची टीम तेवढा वेळ विरळ असते. स्कोअरबोर्डवर याचं कौतुक होत नाही. पण पॉईंट मिळतो.

आता सोंगाबद्दल. सोंग घेतलं की ते वठवायला लागतं, नाहीतर कागदाचा मुखवटा आणि तू सारखेच. पहिली गोष्ट चाल. तुझा स्वतःचा वेग सर्वसाधारण क्लासपेक्षा थोडा जास्त, १०७ टक्के. हेवीचं किंवा सोल्जरचं सोंग घेतलंस तर तू त्यांच्याच मंद चालीनं चालशील, पण स्काऊटचं घेतलंस तर त्याच्या १३३ टक्क्यांच्या वेगानं काही धावणार नाहीस. रेंगाळणारा स्काऊट म्हणजे स्पाय, हे शेंबडं पोरही ओळखतं. आग फेकणाऱ्या पायरोचं सोंग घेऊन आगीत सापडलास तर संपलंच, कारण खरा पायरो पेटत राहत नाही. मेडिकची चाल तुझ्याएवढीच, पण त्याचं सोंग घेतलं की जखमी लोक मागं लागतात आणि तू कुणाला बरं करत नाहीस हे दोन सेकंदांत दिसतं. मी बहुतेक वेळा इंजिनिअर किंवा स्नायपर होतो: मागं राहणारे, एकटे फिरणारे, गोळीबारात न दिसले तरी कुणाला नवल वाटत नाही असे. आणि आधी स्कोअरबोर्ड उघडून बघ, समोरच्या टीममध्ये तो क्लास आहे तरी का.

दुसरी गोष्ट दिशा. नवरात्रात महाद्वार रोडला कधी उलटं चालून बघितलंयस? सगळी गर्दी अंबाबाईच्या देवळाकडं, तू एकटा बाहेर. प्रत्येक जण तुझ्या तोंडाकडं बघतो. देवळाच्या दिशेनं चाललास तर तुला कुणी ओळखीचंही समजत नाही. शत्रूच्या टीमचं तसंच असतं. ते सगळे आपल्या स्पॉनकडून, म्हणजे परत जन्म घ्यायच्या जागेकडून, पुढं चाललेले असतात आणि समोरून, लढाईच्या बाजूनं, एक "इंजिनिअर" निवांत मागं येतो. त्यावर कुणीही एक गोळी टाकून बघणारच. म्हणून क्लोकमध्येच त्यांच्या मागं, स्पॉनच्या बाजूला जायचं, तिथं आडोशाला बाहेर यायचं, आणि मग त्यांच्यातलाच एक होऊन त्यांच्याबरोबर पुढं चालत यायचं. घाई न करता. वाटेत त्यांच्या डिस्पेन्सरशेजारी थांबलास तर तो तुलाही बरं करतो. थांबावं की नाही हे तिथली गर्दी बघून ठरव, मी थांबतो.

आणि अंगाला अंग लागू देऊ नकोस. आपल्या माणसातून आरपार जाता येतं, शत्रूच्या माणसातून नाही. चांगले खेळाडू मुद्दाम धडकून बघतात. अरुंद दारातून तर दोघे-तिघे येत असतील तेव्हा जाऊच नये.

घड्याळांवरून पोरं तासतास वाद घालतात, मला त्यात फार काही दिसत नाही. तू साधं घड्याळ ठेव. वाटेतले गोळ्यांचे डबे उचलत गेलास की क्लोक भरत राहतो आणि मैदानभर फिरता येतं. डेड रिंगर खोटं मरण दाखवतं, मारही कमी लागतो, पण बाहेर येताना एवढा आवाज करतं की ओळखणारा कान लगेच टवकारतो. पळून जायला चांगलं, गाठायला नाही. क्लोक अँड डॅगरवर एका कोपऱ्यात हवा तितका वेळ अदृश्य उभं राहता येतं, आणि त्यातच पोरं बिघडतात. तीन-तीन मिनिटं कोपऱ्यात उभी राहतात. ते तीन मिनिटं समोर अकरा जण मरत असतात.

ट्रिकस्टॅबचंही तेच. जिन्यावरून उडी मारून मागं उतरणं, कोपऱ्यावर उलटं वळणं, हे येत असेल तर जीव वाचतो, आणि बघायला मजा येते हे खरंच. पण तुझ्या वयाची पोरं महिनेच्या महिने त्यातच घालवतात आणि मॅच कशी चाललीय याकडं लक्ष नसतं. आठवड्याला अर्धा तास दे त्याला, जास्त नको.

न मारता होणारं काम मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण ते कुणी सांगत नाही. समोरच्या टीममधल्या एकाला तू मागून मारलंस की पुढची दोन-तीन मिनिटं त्यांचा पायरो मागं वळून भिंतींवर आग ओकत फिरतो. इंजिनिअर दर पाच सेकंदांनी मागं बघतो. मेडिक भिंतीला पाठ लावतो. त्या वेळात तू त्यांच्या आसपासही नसलास तरी चालतं! तो पायरो समोर तुझ्या सोल्जरचे रॉकेट परतवत नाही, हा तुझा फायदा. म्हणून कधी कधी मुद्दाम दिसायचं. मागून दोन गोळ्या झाडायच्या, चार जणांच्या माना वळवायच्या आणि कोपऱ्यामागं क्लोक करून निघून जायचं. वळलेल्या चार माना म्हणजे तुझ्या टीमला चार उघड्या पाठी. आपल्या पन्हाळ्याचंच बघ. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी रात्री कडा चढून गड घेतला. ते वर पोचले तेव्हा गप्प राहिले नाहीत, कर्णे फुंकले, आणि आत किती माणूस घुसलाय याचा अंदाज गडावरच्या शिबंदीला लागेना, असं सांगतात. वर चढेपर्यंत चूप, आणि नेमक्या वेळी आवाज. त्या पराक्रमाची बरोबरी खेळाशी कुणी करू नये, मीही करत नाही, पण आवाज कधी करायचा ही अक्कल मी तिथून घेतली.

कॉल. मागं पोचलेला माणूस एकटा तूच असतोस, म्हणजे समोर काय शिजतंय ते दिसणाराही तूच. डेमोत तू पूर्ण मॅचभर माईकवर चार वेळा बोललास, त्यातलं एकदा "अरे यार". तू मेडिकच्या मागं उभा असताना फक्त एवढं म्हणायचं होतंस: "मेडिक फुल, सेंट्रीच्या डाव्या बाजूला, मी मागं आहे." कोण, किती, कुठं. तीन शब्दांचं काम. मग तुमच्या मेडिकनं ऐंशीवर विचारलं असतं, "मारतोस का?" आणि तू म्हटला असतास, "तुझं शंभर झालं की." टीम अशी तयार होते. बरीच पोरं स्पाय घेतला की गप्प होतात, जणू माईकचा आवाज शत्रूला जाणार आहे. जात नाही. बोल.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचं, थोडक्यात. कोल्हापुरातून सर्व्हर मुंबईत असेल तर माझा पिंग ४० च्या आसपास राहतो, सिंगापूरला गेला की १०० च्या घरात. पिंग जास्त असला तरी तुझा स्टॅब तुझ्या स्क्रीनवर जसा दिसतो त्याप्रमाणं सर्व्हर मागं जाऊन मोजतो, म्हणून कधी कधी समोरच्याला वाटतं की याला तोंडावर मारलं. पण तोच नियम उलटाही लागतो: तू कोपऱ्यामागं गेलास असं तुला दिसतं आणि तरीही गोळी लागते. तेव्हा सिंगापूरच्या सर्व्हरवर उभ्या असलेल्या माणसालाच मार, पळत्याच्या मागं जाऊ नकोस, आणि सुटायचं अर्धा सेकंद आधी सूट. घरात वायफायऐवजी वायर ओढ. पिंग सारखा वर-खाली होण्यापेक्षा जास्त पण स्थिर असलेला बरा.

आणि स्पाय सोडायचा का? कायमचा नाही, पण त्या रात्रीपुरता कधी कधी हो. टीममध्ये मेडिक नाही, किंवा आधीच दोन स्पाय आहेत, किंवा समोर दोन पायरो फक्त मेडिकच्या आसपास आग फिरवताहेत, तर न वाईट वाटून घेता मेडिक घे. पाच मिनिटं मेडिक खेळलास तर मेडिकला कधी मागं बघायला जमत नाही ते तुला आतून कळेल. मी निम्मा स्पाय तिथूनच शिकलो. पायरो दमले, पुढं सरकले, की परत ये.

येत्या रविवारी एकच कर. स्कोअरबोर्ड फक्त समोरचे क्लास बघायला उघड, स्वतःच्या नंबराकडं बघू नकोस. प्रत्येक वेळी मागं पोचलास की थांब, आणि आपल्या मेडिकला विचार, "किती?" ऐंशीच्या खाली असेल तर हात आखडता घे, कितीही छान पाठ समोर असली तरी. बॅडवॉटरच खेळा, तोच दुसरा पॉईंट. डेमो रेकॉर्डिंगला आधी लाव, माईकचा आवाज त्यात आला पाहिजे, आणि रात्री पाठवून दे. सोमवारी सकाळी बघतो.